लांब पल्ल्याचं सायकलिंग आणि खाणंपिणं : इंदूर-महेश्वर-इंदूरसाठी डब्यात काय न्यावं?

जाम_दरवाजा
मंडळी, फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आमचा आठ जणांचा गट इंदूरहून महू, जाम दरवाजा (घाटमाथ्यावरची जुनी वेस), मंडलेश्वर असं करत महेश्वरला जाऊन त्याच दिवशी परत येणार आहे. जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. गटातले निम्मे शंभराच्या पुढे पहिल्यांदाच जातायत आणि खाण्यापिण्याचं खातं माझ्याकडे आलंय.

माझं मत आधी मांडतो, मग प्रश्न. एवढ्या अंतराला घरचं खाणं पुरतं, फक्त ते घड्याळ बघून खाल्लं पाहिजे. किती किलोमीटर झाले हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, शेवटचा घास कधी खाल्ला ते कोणाला सांगता येत नाही.

हिशोब असा. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा (शरीरात साठवलेल्या कर्बोदकांचा) साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आतबाहेर. आरामात चालवली तरी तासाला ४०० ते ६०० कॅलरी जातात. त्यातल्या काही चरबीतून येतात, तरी चार-पाच तासांत हा साठा तळाला जातो. आता आपला रस्ता बघा. महेश्वर समुद्रसपाटीपासून दीडशे-पावणेदोनशे मीटरवर, महू साडेपाचशेच्या वर. जाताना घाट उतरायचा, म्हणजे सकाळी सगळे खुशीत आणि भूक कोणालाच नाही. साठा संपतो तो नेमका दुपारी, परतीचा चढ समोर असताना. म्हणून पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापासून, भूक असो नसो, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत असं माझं म्हणणं.

यादी काढली आहे: केळी (एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास), खजूर, गुळाची पोळी, शेंगदाण्याची आणि राजगिऱ्याची चिक्की, उकडलेले छोटे बटाटे जिरावण (आपला इंदुरी कोरडा मसाला) लावून.

प्रश्न तीन. निघण्याआधी पोहे-जिलबी चालेल का? निमाडच्या, म्हणजे घाटाखालच्या नर्मदेकाठच्या उन्हात पाणी आणि मीठ किती? आणि परतीच्या घाटाआधी मंडलेश्वरला काय खावं, की ताकद येईल पण पोट जड होणार नाही?

चेन_उतरली
पोहे हो. जिलबी एक. कचोरी नाही. बाकी जाणकार सांगतीलच, मी वाचायला बसलोय.

राजवाडा_ते_राऊ
पोह्यांवर मी जरा सविस्तर लिहितो, हा आपल्या गावाचा विषय आहे.

आपले इंदुरी पोहे वाफेवर ठेवलेले असतात, तेल बेताचं. कोरड्या पोह्यांत शंभर ग्रॅममागे ७५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं, तंतू कमी, पचायला हलके. निघण्याआधी दोन-तीन तास वजनाच्या दर किलोला एक ते दोन ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत असं सांगतात. ६५ किलोच्या माणसाला ६५ ते १३० ग्रॅम झाले. घरच्या दोन बशा पोहे, एक केळं आणि गोड चहा, एवढ्यात काम होतं.

गडबड पोह्यांची नाही, शेवेची आहे. आपण वर मूठभर शेव टाकतो आणि मग पोहे दिसतच नाहीत. शेव म्हणजे तळलेलं बेसन. स्निग्ध पदार्थ जठरात रेंगाळतो आणि पुढे वाकून पेडल मारायला लागलं की घशाशी येतो. जिलबीचा पाक चांगला, पण तीही तळलेलीच. एक खा, पाव किलो घेऊ नका.

आणि आदल्या रात्री सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊ नका. गराडू, दहीवडा, भुट्ट्याचा कीस हे सोमवारी.

आजीचा_डबा
जाम_दरवाजा, यादी छान आहे, पण दशमी कशी नाही? दुधात भिजवलेल्या कणकेची, थोडा गूळ घालून. पाणी न घातल्यामुळे दोन दिवस सहज टिकते, मऊ राहते आणि गुंडाळी करून एका हाताने खाता येते. गुळाची पोळी उन्हात पाझरते, खिशाला आणि बोटांना चिकटते. आमच्याकडे प्रवासाला निघायचं म्हणजे दशमी आणि शेंगदाण्याची चटणी हे ठरलेलं.

उशिरा_पोचलो
दशमीला अनुमोदन. चटणी मात्र बेतानेच, ताई. शेंगदाण्याला पचायला वेळ लागतो.

मी ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड करतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० अशी त्यांची वेळ असते. या खेळात एक गोष्ट पक्की कळते. पाय सहसा शेवटपर्यंत साथ देतात, पोट आधी संपावर जातं. त्याची दोन कारणं मला दिसतात. एक म्हणजे थांब्यावर एकदम भरपेट जेवणं. चढावर रक्त पायांकडे जात असतं आणि पोटात दाल-बाफले बसलेले असतात. दुसरं, सतत गोड. पाच-सहा तासांनी गोडाची शिसारी येते, खिशात दहा चिक्क्या असल्या तरी एक उघडवत नाही. म्हणून तुमच्या जिरावण लावलेल्या बटाट्यांना पैकीच्या पैकी गुण. शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात १७ ते २० ग्रॅम कर्बोदकं, वर मीठ, आणि तोंडाला चव.

२०१९ ला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस केली, १२०० किलोमीटर, ९० तासांत. मी शाकाहारी, त्यामुळे घरच्यांना माझ्या जेवणाचीच काळजी. तिकडे थांब्यांवर कुस्करलेला बटाटा, पास्ता, सूप, पाव आणि तांदळाची गार खीर. रात्री तीनला थंडीत ते बिनमसाल्याचं जेवण इतकं सुखाचं वाटलं की इकडे परतल्यावरही लांबच्या राइडला मी मऊ भात-मीठ-तूप असंच काहीतरी शोधतो.

मंद_पण_नक्की
मी थोडा वेगळा सूर लावतो. तासातासाला साखर ओतायची खरंच गरज आहे का? मी दीड वर्ष कमी कर्बोदकांवर आहे, पहाटे उपाशीपोटी ६० किलोमीटर सहज होतात. सडपातळ माणसाच्या अंगातही चरबीचे हजारो कॅलरींचे साठे असतात. शरीराला ते वापरायची सवय लावा, डबा हलका होईल.

उशिरा_पोचलो
मंद_पण_नक्की, सपाटीवर, बोलत बोलत चालवता येईल अशा गतीला तुमचं बरोबर आहे. त्या गतीला चरबीचा वाटा मोठा असतोच आणि सवयीने तो वाढतोही. पण चरबीतून ऊर्जा सावकाश मिळते आणि तेवढ्याच ऊर्जेला प्राणवायू जास्त लागतो. मंडलेश्वरहून वर येताना जिथे दम लागतो तिथे स्नायू कर्बोदकंच मागतात. तुम्ही तुमच्या पद्धतीने जरूर करा, सराव आहे. पहिल्यांदा शंभरी ओलांडणाऱ्यांवर मात्र हा प्रयोग त्या दिवशी नको.

मंद_पण_नक्की
त्या चार जणांपुरतं मान्य. माझ्यापुरतं मत कायम.

डॉ_अनुस्वार
पाण्याच्या प्रश्नाला उत्तर देते. जरा लांबेल.

"खूप पाणी प्या" हा सल्ला अर्धवट आहे आणि कधीकधी धोक्याचा. घाम तासाला अर्धा लिटरही येतो आणि दीड लिटरही. माणूस, ऊन, चढ यांवर ते ठरतं. त्यामुळे सगळ्यांना एकच आकडा देणं चूक. स्वतःचा आकडा काढायचा सोपा मार्ग आहे. एखाद्या रविवारी तासाभराच्या राइडच्या आधी आणि नंतर, कपडे काढून, अंग पुसून वजन करा. जेवढं घटलं अधिक जेवढं प्यायलात, तेवढा घाम. एक किलो म्हणजे ढोबळमानाने एक लिटर. हे थंड सकाळी एकदा आणि दुपारच्या उन्हात एकदा करा, दोन्ही आकड्यांतला फरक बघून तुम्हीच चकित व्हाल. लांबच्या राइडनंतर वजन दोनेक टक्क्यांपर्यंत घटलं तर घाबरू नका. वाढलं असेल तर मात्र काळजी करा.

कारण घामातून मीठही जातं. लिटरमागे सोडियम साधारण एक ग्रॅम धरा, काहींचं बरंच कमी, काहींचं जास्त. काळ्या जर्सीवर पांढरे नकाशे उठतात ते जास्तवाले. तासन्‌तास नुसतं साधं पाणी, तेही घामापेक्षा जास्त, ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते, पुढे माणूस असंबद्ध बोलू लागतो. आजूबाजूच्यांना वाटतं ऊन लागलं, आणि ते अजून पाणी पाजतात. अशा वेळी पाणी थांबवून सरळ दवाखाना गाठायचा.

आता ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, बाकी पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. म्हणजे मिठाची सोय चांगली, पण पूर्ण लिटर संपवूनही ऊर्जा एका खजुराएवढी. "ओआरएस घेतोय की, मग खायला कशाला" हे चालणार नाही. आणि लिटरभराचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं करू नका. सोयीचं पडतं म्हणून बरेच जण करतात. ते दाट होतं, पोट बिघडतं. घरी करायचं तर लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. छोटा चमचा, पोह्याचा नाही.

ज्यांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी मिठाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये.

चेन_उतरली
अंगठीचं माहीतच नव्हतं. प्रिंट काढून गटात देतो.

निमाडी_मिरची
मी मंडलेश्वरची, माहेर इंदूर. तुम्ही माळव्यातले लोक निमाडच्या उन्हाला दरवेळी कमी लेखता. पहाटे महूला स्वेटर घालून निघता आणि अकरा वाजता इथे पोचलात की फेब्रुवारीतही उकडायला लागतं. मार्चनंतर तर विचारूच नका. सकाळच्या थंडीत तहान लागत नाही म्हणून बाटली भरलेलीच राहते आणि खाली उतरेपर्यंत माणूस आधीच कोरडा झालेला असतो.

आता एक गोष्ट, जिच्यावर असल्या चर्चांत कोणी बोलत नाही. गटात बायका किती आहेत? कारण बायका पाणी मुद्दाम कमी पितात, आणि कारण सगळ्यांना ठाऊक आहे. रस्त्यात जायची सोय नसते. बाटलीत काय मिसळायचं याची कितीही चर्चा करा, ती बाटली तिने उघडलीच नाही तर उपयोग काय? मी स्वतः इथून महूपर्यंत जाते तेव्हा आधी स्वच्छतागृहांची जागा ठरवते, मग पाण्याची. आणि पाळीच्या दिवसांत तर हे अजूनच महत्त्वाचं.

जाम_दरवाजा
निमाडी_मिरची ताई, तिघी आहेत, आणि हा मुद्दा माझ्या यादीत असायलाच हवा होता. थांबे आता याच हिशोबाने ठरवतो. महूत पेट्रोल पंप मिळेल. घाटातल्या टप्प्यावर काही आहे का?

निमाडी_मिरची
घाटात भरवशाचं काही नाही. महूत थांबा, मग थेट मंडलेश्वरला माझ्या घरी. महेश्वरला नदीच्या घाटाजवळ सोय आहे. परतीला पुन्हा माझ्याकडे.

क्रँक_बाबा
एनर्जी जेलवर (पुडीतला गोड, घट्ट पाक) कोणीच बोलेना म्हणून मी बोलतो. जाम_दरवाजा, घरचं खाणं पुरतं हे तुमचं मत मला अर्धं पटतं. चढावर हृदयाचे ठोके १६० वर असताना तोंडात दशमीचा घास घेऊन बघा. चावायचं की श्वास घ्यायचा? तिथे २०-२५ ग्रॅम कर्बोदकांची जेलची पुडी दोन घोटांत उतरते. महाग आहे, पण परतीच्या घाटासाठी माणशी दोन ठेवा.

एक पथ्य. जेलवर पाणी हवंच, आणि त्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका. आधी दोन-तीन रविवार खाऊन बघा. आतड्यांनाही सराव लागतो. ३० ग्रॅमपासून सुरू करून हळूहळू ४५, ६० असं वाढवत न्यायचं.

रसवंती
क्रँक_बाबा, सरावाचं शंभर टक्के पटलं, जेलचं नाही.

जेलच्या वेष्टनावर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचं मिश्रण मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. त्यामागचं शास्त्र खरं आहे. आतड्यातून ग्लुकोज आत घेणारी वाट तासाला साधारण ६० ग्रॅमला भरून जाते, फ्रुक्टोज दुसऱ्या वाटेने जातं. म्हणून दोन्ही एकत्र घेतले तर सराव असलेला माणूस तासाला ९० ग्रॅमपर्यंत पचवू शकतो. पण आपली साधी साखर म्हणजे दुसरं काय आहे? अर्धी ग्लुकोज, अर्धी फ्रुक्टोज. गूळही बहुतांशी तेच. लिंबू सरबतात दोन्ही वाटा चालू होतात आणि ते चावावंही लागत नाही. घाटासाठी एका बाटलीत दाटसर लिंबू सरबत करा: अर्धा लिटर पाणी, ४० ग्रॅम साखर, पाव छोटा चमचा मीठ, एक लिंबू. दुसऱ्या बाटलीत साधं पाणी. पुडी दातांनी फाडायला नको आणि रिकाम्या पुड्या घाटात पडायलाही नकोत. जाम दरवाज्याच्या पायथ्याशी मी असल्या पुड्या पाहिल्या आहेत आणि फार वाईट वाटतं. अहिल्याबाईंच्या काळातला दरवाजा आहे तो.

उसाच्या रसालाही विसरू नका. एका पेल्यात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. फक्त बर्फ नको म्हणून सांगा. तो कुठल्या पाण्याचा ते आपल्याला ठाऊक नसतं.

क्रँक_बाबा
कचऱ्याचं अगदी मान्य, रिकामी पुडी परत खिशात गेलीच पाहिजे. ४० ग्रॅमच्या सरबताची बाटली या रविवारी करून बघतो. तरी एक जेल ठेवणारच. सरबताची बाटली घाटात निसटून पडली तर?

बडोदेकर
बडोद्याहून राम राम. आम्ही पावागडला जातो, साधारण पन्नास किलोमीटर, तिथेही हेच वाद. इथे मराठी-गुजराती मिश्र गट असल्यामुळे थेपले-छुंदा (कैरीचं गोड लोणचं) हा आमचा जोड आहे. छुंद्यात साखर आणि मीठ दोन्ही. थेपल्याला तेल थोडं कमी लावायला सांगायचं, झालं. उकाड्यात मसाला ताक पितो. मीठ जातं, गारवाही मिळतो. ज्यांना दूध सोसत नाही त्यांनी मात्र ताकही जपून.

चेन_उतरली
बडोदेकर, ताकावरून आठवलं. छप्पन दुकानची शिकंजी बाटलीत भरून नेली तर?

राजवाडा_ते_राऊ
भिया, नको! आपली शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, सुकामेवा, केशर. बाहेरगावचे लोक लिंबू सरबत समजून मागवतात आणि वाटीभर रबडीसारखं काहीतरी समोर येतं. परत आल्यावर घे, तेव्हा ती उत्तम. प्रथिनं आहेत, साखर आहे. उन्हात बाटलीत तीन तास दूध? अजिबात नाही.

जुना_होळकरी
मी सत्तरीपार आहे, सायकल आता संध्याकाळी नेहरू पार्कपर्यंत. पण तरुणपणी बिनगियरच्या सायकलवर ओंकारेश्वरला जात असू. आजीचा_डबा यांनी दशमी म्हटली आणि बरं वाटलं, आमच्याही फडक्यात तीच असायची. पाणी लागलं की विहिरीवर थांबायचं. गाव यायचंच.

पाण्यावरून एक सांगतो, नव्या मुलांना माहीत नसतं. इंदूरच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उचलतात. सुमारे सत्तर किलोमीटर, आणि सगळा विंध्याचा चढ चढवून. १९७० साली इंदूरच्या लोकांनी आंदोलन करून ती योजना मिळवली. आमच्या आळीतून रोज कोणी ना कोणी मोर्चात असे. तुम्ही ज्या चढावर धापा टाकणार आहात, तो चढून तुमच्या बाटलीतलं पाणी आलेलं आहे. एक थेंबही ओतून टाकू नका.

रसवंती
काका, हे गटात वाचून दाखवणार. कृपया अजून लिहा.

जुना_होळकरी
लिहीन. आंदोलनावर वेगळा धागा काढतो, इथे खाण्याचं चालू दे.

पहिली_शंभरी
मी याच गटातला नवखा. टाइप २ मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. घरी साखर बंद आणि इथे सगळे तासाला ६० ग्रॅम म्हणतायत. मी काय करू? येऊच नको का?

डॉ_अनुस्वार
नक्की या, पण आधी तुमच्या डॉक्टरांना भेटून. "सायकल चालवतो" एवढंच सांगू नका. किती तास, किती चढ, किती वाजता निघणार, सगळं सांगा. काही गोळ्यांनी व्यायामात साखर खाली घसरते, काहींनी तितकी नाही. डोस बदलायचा का, ते त्यांनीच ठरवायचं, इथल्या कोणी नाही, मीसुद्धा नाही. ग्लुकोमीटर बरोबर ठेवा, निघताना आणि प्रत्येक थांब्यावर बघा. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून घरी बसून खाल्लेली चिक्की आणि चढावर खाल्लेली चिक्की यांचा परिणाम सारखा नसतो. हातपाय थरथरले, गार घाम आला, गोंधळल्यासारखं झालं तर थांबून लगेच साखर. साखर घसरणं राइड संपल्यावर, रात्री झोपेतही होऊ शकतं, घरच्यांना कल्पना देऊन ठेवा. गटातल्या दोघांना तरी तुमचा आजार माहीत असू दे.

आणि धीर म्हणून सांगते, टीम नोवो नॉर्डिस्क हा व्यावसायिक सायकलपटूंचा पूर्ण संघ टाइप १ मधुमेह असलेल्यांचा आहे, इन्शुलिन घेऊन शर्यती करतात.

पहिली_शंभरी
खूप आभार डॉक्टर. सोमवारीच वेळ घेतो.

जाम_दरवाजा
पहिली_शंभरी, तुमच्या सोबत पूर्ण वेळ मी आणि उशिरा_पोचलो असू. आधी न बोलता मनात ठेवलंत, ते आता सोडा.

नऊवारी_रायडर
दोन बारीक गोष्टी. सरबताच्या बाटल्या परतल्यावर लगेच गरम पाण्याने, ब्रशने, झाकणाच्या खाचेसकट धुवा. तिथे काळी बुरशी धरते आणि पुढच्या वेळी पोट बिघडलं की आपण बिचाऱ्या बटाट्याला दोष देतो. आणि चहा. लांबच्या राइडला चहाने पाणी कमी होतं, अशी भीती घालतात. सवय असलेल्याला एक-दोन कप चहाने काही होत नाही, उलट दुपारच्या सुस्तीत कॅफिनची मदतच होते. मंडलेश्वरला चहा घ्या.

जाम_दरवाजा
आता माझ्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ, त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. महेश्वरहून परतताना मंडलेश्वरला साडेबाराच्या सुमारास पोचू. पुढे चढ, वर ऊन. काय खायचं?

उशिरा_पोचलो
ज्याला चावायला आणि पचायला कष्ट नाहीत असं. मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण, मीठ-लिंबू, तूप नावाला. नाहीतर दहीभात. ताटभर नाही, एक मोठी वाटी. खाऊन अर्धा तास सावलीत बसायचं आणि मग पहिले पाच-सात किलोमीटर अगदी हलक्या गियरवर. कर्बोदकं ५०-६० ग्रॅम गेली की बास, उरलेलं घाटात बाटलीतून. भाकरी, डाळी-उसळी, कच्ची कोशिंबीर हे एरवी उत्तम, त्या वेळी नको. तंतूंनी पोट फुगतं.

मंद_पण_नक्की
याला माझंही अनुमोदन. मी कमी कर्बोदकवाला असलो तरी त्या घाटाआधी मीही दहीभातच खाईन.

क्रँक_बाबा
ऊन जास्त असेल तर थांबा दोन-अडीच तास वाढवा. एकला चढायला लागण्यापेक्षा साडेतीनला लागलेलं बरं. दिवे बरोबर ठेवा, महूपासून पुढे अंधार होईल. उन्हात पोट तसंही काम कमी करतं, त्यामुळे तुमचं ग्रॅमचं गणित दुपारी कोलमडतं.

जाम_दरवाजा
हे पटलं. दुपारचा मुक्काम तीनपर्यंत, दिवे सक्तीचे. माणशी डबा असा ठरवतो: दोन दशम्या, दोन केळी, चार खजूर, चार छोटे बटाटे, दोन चिक्क्या. दोन बाटल्या, एक साधी, एक मीठ-साखर-लिंबाची. लिंबं आणि साखर-मिठाच्या मोजलेल्या पुड्या वेगळ्या, म्हणजे मंडलेश्वरला बाटली पुन्हा भरता येईल. दर अर्ध्या तासाला मी शिट्टी वाजवणार आणि सगळ्यांनी एक घास, दोन घोट घ्यायचे. शिट्टीला कोणी हसलं तरी चालेल, घास मात्र घ्यायचा.

आजीचा_डबा
दशम्या मी करून देते. शनिवारी संध्याकाळी राजवाड्याजवळून कोणीतरी घेऊन जा. आठ जणांच्या सोळा, वर चार जास्तीच्या.

निमाडी_मिरची
आणि दहीभात माझ्याकडे. दोन माठ भरून ठेवते, ओसरीवर सावली आहे, आडवं व्हायला सतरंज्या टाकते. दही सकाळचं ताजं लावेन, आंबट नको ना? आणि मुगाचं वरणही करते, ज्यांना दही चालत नाही त्यांच्यासाठी. फक्त महेश्वरहून निघताना फोन करा, म्हणजे भात गरम टाकायला बरं.

राजवाडा_ते_राऊ
ताई, आम्ही बारा जण झालो तर चालेल? हा धागा वाचून अजून चौघांचे फोन आले.

निमाडी_मिरची
चालेल. पण आजीच्या डब्यातल्या दशम्या त्या हिशोबाने वाढवून घ्या, आणि त्या चौघांनीही आधी वजन करून आपला घाम मोजून यावा. डॉक्टरांनी एवढं लिहिलंय ते फक्त वाचण्यासाठी नाही.